टचपॅडच्या आठ पट्ट्या

त्या हिवाळ्यात आमच्या घरी जो तो आईला "राहू दे" म्हणत होता. बाबा म्हणायचे, "शोभा, राहू दे, कणीक मी मळतो." समोरच्या मिश्रा आंटी जिन्यात भेटल्या की तिच्या हातातली भाजीची पिशवी काढून घ्यायच्या आणि "रहने दो, रहने दो" करत आमच्या दारापर्यंत आणून ठेवायच्या. रविवारी गावाकडून आत्याचा फोन आला की तीही शेवटी हेच सांगायची, नोकरीबिकरी राहू दे आता, जिवाला जप. मीसुद्धा म्हणत असे. आई कोणालाच उत्तर द्यायची नाही. फक्त तिच्या हातातून काढून घेतलेली वस्तू दुसऱ्याने जिथे ठेवली असेल तिथून ती उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची, मुद्दाम आवाज करून. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर एवढंसं होतं, त्यामुळे तो आवाज घरात सगळीकडे पोचायचा. कुकरचं झाकण, पोळपाट, डब्यावर आपटलेला डबा. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असले तर पान न उलटता बसून राहायचे.

आईला आमवात झाला होता. हे नावही आम्हांला उशिरा कळलं. डिस्पेन्सरीतले डॉक्टर आधी बरेच दिवस नुसत्या वेदनेच्या गोळ्या देत होते. सकाळी उठल्यावर तिची बोटं उघडत नसत. बाबा पातेल्यात कोमट पाणी आणून ठेवायचे, त्यात ती दोन्ही हात बुडवून बसायची आणि बाहेर माळी, दूधवाला, शाळेच्या बसचे हॉर्न असे आवाज सुरू व्हायचे. उजव्या हाताचा अंगठा आत वळला होता. भाकरी थापणं तिने आधीच सोडलं होतं. करोल बागेतल्या एका मराठी दुकानातून आम्ही ज्वारीचं पीठ आणत असू, ते डब्यात तसंच पडून होतं. बाबांना भाकरी यायची नाही. ते फौजेत हवालदार होते, रिटायर होऊन एका मॉलमध्ये सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागले होते, आणि फौजेच्या लंगरमध्ये, म्हणजे भटारखान्यात, शिकलेल्या हाताने ते जाड पोळ्या करायचे, एवढ्या जाड की एकीतच पोट भरावं. त्या पोळ्या, मटार घातलेलं पिठलं आणि गावाकडून आलेली शेंगदाण्याची चटणी, हे आमचं त्या दिवसांतलं जेवण. चव वाईट नव्हती. पण आई प्रत्येक घास असा चावायची जसं काही तो तिला शिक्षा म्हणून दिलाय.

आई एका मंत्रालयात स्टेनोग्राफर होती. मंत्रालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आतून सगळी सारखीच असतात. सांगलीजवळच्या आमच्या गावातून परीक्षा देऊन, एकटी, लग्नाआधी ती दिल्लीला आली होती. क्वार्टर तिच्या नावावर होतं. दारावर पाटी तिची होती, आणि बाबांना त्याचं कधी काही वाटलं नाही, उलट पोस्टिंगवरून सुट्टीला आले की ते पाटी फडक्याने पुसायचे. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग तिला बघून करावं लागत नसे. बोटं वाकल्यावरही ती उरलेल्या बोटांनी टाइप करायची, वेग कमी झाला तरी चुका होत नसत. अडलं ते माऊसपाशी. सगळ्या फायली कॉम्प्युटरवर आल्या होत्या आणि तिथे पावलोपावली क्लिक करावं लागायचं. माऊस धरायला अंगठा लागतो, तो तिच्याकडे नव्हता.

सेक्शनचे अधिकारी भल्ला साहेब म्हणून होते. फार सज्जन माणूस, असं सगळे म्हणायचे. त्यांनी एके दिवशी आईला बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की मैडम, आपको तकलीफ़ होती है, हमसे देखा नहीं जाता, तुम्ही काही दिवस आवक-जावकमध्ये बसा, तिथे कॉम्प्युटरचं काम नाही. आवक-जावक म्हणजे टपाल. दिवसभर लिफाफे फोडायचे, लिफाफे चिकटवायचे, शिक्के मारायचे. ज्या बाईची बोटं वळत नाहीत तिला तिच्या सोयीसाठी लिफाफे फोडायला बसवलं होतं. आणि तिच्या खुर्चीवर दोन दिवसांत साहेबांच्या ओळखीतली कंत्राटी मुलगी आली. आई हे घरी सांगत असताना बाबा मान हलवत म्हणाले, "पण त्यांनी चांगल्या मनाने केलं असेल." आई उठून आत गेली. त्या दिवशी भांड्यांचाही आवाज आला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, शेवटच्या वर्षाला. आज मागे वळून बघताना लोकांना वाटतं की मी आईच्या प्रेमापोटी हे सगळं केलं. प्रेम असेलच, ते कुठे जातंय. पण माझ्या अंगात तेव्हा जे होतं तो निव्वळ राग होता. भल्ला साहेबांचा, त्यांच्या चहाचा, बाबांच्या "चांगल्या मनाने"चा, आणि माझ्या स्वतःच्या "राहू दे"चाही.

घरात आईचा एक जुना लॅपटॉप होता. तो बंद पडून कपाटावर धूळ खात होता. त्याच्या टचपॅडवर तिला कधी त्रास झाला नव्हता, कारण तिथे धरायचं काही नसतं. वाकलेल्या बोटाचं पेर नुसतं सरकवलं, हलकेच टेकवलं, की झालं. हे मी घरी बोलले, तेव्हा बाबा दुसऱ्याच दिवशी करोल बागेत जाऊन यूएसबीचा नवा कोरा टचपॅड घेऊन आले. फार खुशीत होते. आई तो घेऊन ऑफिसला गेली आणि संध्याकाळी तसाच परत घेऊन आली. "भोकं बंद आहेत," ती म्हणाली. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांची यूएसबीची तोंडं सील केलेली होती. कीबोर्ड आणि माऊस जुन्या पद्धतीचे, गोल पिनेचे. बाबांनी तो डबा हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला, जसं काही दुकानदाराने त्यांना फसवलंय.

गोल पिनेचा टचपॅड बाजारात मिळत नव्हता, आणि यूएसबीला गोल करणारा जोड मी कॉलेजात लावून पाहिला, तो चालला नाही. पण वर्गात शिकलेलं एक मला आठवलं. लॅपटॉपच्या आतला टचपॅड बहुतेक वेळा त्याच जुन्या गोल पिनेच्या माऊसची भाषा बोलतो. त्याला फक्त चार तारा लागतात. वीज, जमीन म्हणजे अर्थिंग, ठोका म्हणजे क्लॉक, आणि माहिती म्हणजे डेटा. या चार तारा टचपॅडच्या कुठल्या पिनांवर आहेत एवढं कळलं की काम झालं. मी कॉलेजातून जवळजवळ धावतच घरी आले, स्टूल घेतलं, कपाटावर हात घातला, आणि लॅपटॉप तिथे नव्हता.

"बाबा, इथला लॅपटॉप?"

"अगं, तो बंदच होता ना," बाबा म्हणाले. "सकाळी कबाडीवाला आला होता, त्याला दिला. आईला बघून बघून वाईट वाटायचं, म्हणून म्हटलं नजरेआड गेलेला बरा."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. वडिलांना अहो-जाहो करत इतकं तोडून बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घातली आणि म्हणाले, "चल, त्याची जागा मला माहीत आहे."

मार्केटच्या मागे त्याचा भंगाराचा ढीग होता. बाटल्या, रद्दी, कूलरची पाती. लॅपटॉपचे त्याने तोवर तुकडे केले होते. स्क्रीन, बॅटरी आणि आतला मुख्य बोर्ड त्याच्याकडून कोणीतरी घेऊनही गेला होता. उरलं होतं वरचं प्लास्टिक, कीबोर्ड उपटलेलं, आणि त्यात खाली चिकटलेला टचपॅड. "ये तो खाली प्लास्टिक है बेटा, ले जाओ," तो म्हणाला. बाबा त्याच्याशी वाद घालायला लागले की बाकीचं कोणाला दिलंस, पण मी त्यांना ओढून आणलं. मला ते प्लास्टिक पुरेसं होतं. अडचण एवढीच होती की मुख्य बोर्ड असता तर कुठली तार कुठे जाते हे त्यावरून काढता आलं असतं. आता टचपॅड एकटाच होता आणि त्याच्या टोकाला आठ सोनेरी पट्ट्या होत्या, कुठल्याही पट्टीवर काही लिहिलेलं नाही. चिपवरचा नंबर मी भिंगातून वाचला आणि इंटरनेटवर शोधला. तिला पाच व्होल्ट चालतात एवढं कळलं. पण पट्ट्यांचा क्रम प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठेवते. चर्चेच्या पानांवर लोकांनी चार प्रकारची चार चित्रं टाकली होती आणि खाली एकमेकांना मूर्ख ठरवत होते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कॉलेजातून मागून आणलेला मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि तो टचपॅड मांडला. खिडकीतून ऊन यायचं, म्हणून तीच जागा. आई दारात येऊन उभी राहिली.

"माझ्यावर प्रयोग करू नकोस," ती म्हणाली.

"तुझ्यावर नाही, याच्यावर करतेय."

"आणि पेटलं तर?"

"पेटलं तर पेटलं. आता तरी काय चाललंय?"

तिने वेताचा मोडा ओढला आणि माझ्या शेजारी बसली. मी मीटर अशा ठिकाणी लावला की दोन टोकं आतून जोडलेली असली तर तो वाजतो. एक टोक टचपॅडच्या पाठीच्या धातूच्या पत्र्यावर ठेवलं आणि दुसरं एकेका पट्टीवरून नेलं. पहिली वाजली. दुसरी, तिसरी नाही. शेवटची वाजली. पत्रा म्हणजे जमीन, म्हणून या दोन पट्ट्या जमिनीच्या. मग बटणं. डावं बटण दाबलं की एक पट्टी जमिनीला जोडली जायची आणि वाजायची, सोडलं की गप्प. उजव्याची दुसरी. हे चाललेलं असताना मी मध्येच विसरले की डाव्या बटणाची कुठली होती. "सहावी," आई म्हणाली. "सातवी उजव्याची." तिने काही लिहून घेतलं नव्हतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं बोलणं ऐकून डोक्यात धरायची तिला सवय होती, आणि त्या सवयीला आवक-जावकमध्ये काही काम नव्हतं. त्यानंतर मी फक्त टोकं टेकवत गेले आणि ती सांगत गेली. बोर्डावर एक बारीक कपॅसिटर होता, त्याची एक बाजू जमिनीला आणि दुसरी बाजू दोन नंबरच्या पट्टीला. ती विजेची. चौथी कशालाच जोडलेली नव्हती, कुठेही टेकवा, मुकीच. राहिल्या तिसरी आणि पाचवी. त्या दोन्हींपासून विजेच्या पट्टीपर्यंत मीटर एकच आकडा दाखवत होता.

"म्हणजे ठोका आणि माहिती या दोघींत," मी म्हटलं. "पण कुठली कुठली ते मीटर सांगणार नाही."

"मग कोण सांगणार?"

"लावून बघायचं. उलट्या लागल्या तर काही बिघडत नाही, नुसतं चालत नाही."

"एवढंच ना," आई म्हणाली. "ऑफिसातही असंच आहे. कोण कोणाचा माणूस ते लावल्याशिवाय कळत नाही." आणि त्या महिन्यात पहिल्यांदा ती हसली, पण ते काही आनंदाचं हसणं नव्हतं.

कॉलेजच्या भंगारातून गोल पिनेचा एक मेलेला माऊस घेतला, त्याची वायर कापली, आतल्या चारही तारा मीटरने पिनेपर्यंत तपासल्या, कारण रंगांवर विश्वास ठेवायचा नाही एवढं तोवर शिकले होते. मग सोल्डरिंगला बसले. दोनदा पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आणि मी आयर्न ओट्यावर आपटलं. कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप होता, तो बंद करून पिन खोचली आणि सुरू केला. बाण हलला नाही. लॅबचे सर मागून म्हणाले, "बेटा, नया ख़रीद लो, इतना टाइम क्यों ख़राब कर रही हो?" मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. पुन्हा बंद केला, तिसरीची तार पाचवीला आणि पाचवीची तिसरीला लावली, सुरू केला, बोट ठेवलं. बाण माझ्या बोटामागे चालत गेला. मी सरांना म्हटलं, "इसलिए." उद्धटपणा होता, पण त्या वयात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

टचपॅडला घर हवं होतं. मी एक चपटा प्लास्टिकचा डबा घेतला, त्याच्या झाकणाला चौकोनी भोक पाडलं आणि तो त्यात बसवला. आईने भल्ला साहेबांना आधी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "ले आइए मैडम, देख लेंगे." पिन लावताना कॉम्प्युटर बंद असावा लागतो, शिवाय पहिल्याच दिवशी काही अडलं तर, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. मला आत जायला पास काढावा लागणार होता. गेटवर आईची बॅग मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला.

पडद्यावर सुरक्षेच्या जवानांना काय दिसलं असेल ते मला आता कळतं. डबा, त्यात बोर्ड, त्यातून निघालेल्या तारा. जवानाने बॅग बाजूला काढली आणि मागच्या लोकांना मागे सरकायला सांगितलं. "मैडम, इस डिब्बे में क्या है?"

"टचपैड है। माउस समझ लीजिए," आई म्हणाली.

"घर का बना हुआ?"

"हाँ।"

त्याने डब्याला हात लावला नाही. दोघा-तिघांनी आम्हांला भिंतीपाशी उभं केलं. रांगेतले लोक बघत होते, त्यांत आईला रोज नमस्कार करणारेही होते, आणि त्यांतला एकही पुढे आला नाही. मी बोलायला लागले तशी आईने माझ्या दंडाला कोपर लावलं. तिने शांतपणे सांगितलं की आमच्या साहेबांना माहीत आहे, त्यांना फोन करा. फोन गेला. भल्ला साहेब खाली आले, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर काळजी. जवानाने त्यांना बॅग दाखवली. ते एक पाऊल मागे सरले.

"मुझे तो इसकी कोई जानकारी नहीं है," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण आम्हांला ऐकू येईल एवढाच, "देखिए, मैडम की तबीयत ठीक नहीं रहती। आप लोग ज़रा प्यार से बात कीजिए।"

आज इतक्या वर्षांनी माझ्या हातांची बोटं सकाळी जड होतात. गाझियाबादच्या या घरात मीही कोमट पाणी घेऊन बसते आणि मुलगा म्हणतो, आई, राहू दे. त्याच्यावर मी रागावत नाही, किंवा थोडीच रागावते. पण ते "प्यार से" मला अजून ऐकू येतं, आणि मी पाण्यातून हात बाहेर काढते. कोणी उघड शिवी दिली असती तर मी एव्हाना विसरले असते.

आई म्हणाली, "सर, परसों आपके कमरे में बताया था। आपने कहा था ले आइए।"

"आप बैठिए मैडम। पानी पीजिए।"

"मुझे प्यास नहीं है।"

एवढ्यात त्या जवानांची इन्स्पेक्टर बाई आली. हरियाणवी, उंच, केसांचा घट्ट अंबाडा. तिने आधी भल्ला साहेबांकडे, मग आईच्या हातांकडे बघितलं. "किसने बनाया?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी. "खोल," ती म्हणाली. मी झाकण उघडलं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच आई बोलू लागली. डिक्टेशन वाचून दाखवताना तिचा जो आवाज असायचा त्या आवाजात, सरळ, न थांबता. यात आठ पट्ट्या आहेत. पहिली आणि आठवी जमीन. दुसरी वीज, पाच व्होल्ट, ती कॉम्प्युटरच देतो, आत बॅटरी नाही. तिसरी आणि पाचवी बोलायच्या, त्यांतून फक्त बोट कुठे सरकलं एवढं जातं, दुसरं काही जातही नाही आणि साठतही नाही. सहावी आणि सातवी बटणं. चौथी रिकामी. मी तिच्याकडे बघत राहिले. भल्ला साहेब मफलर सारखा करत होते.

इन्स्पेक्टर बाईने बोर्ड उलटासुलटा करून बघितला. "चला के दिखाओगी?" तिने आईला विचारलं.

पासच्या खिडकीमागे एक जुना कॉम्प्युटर होता, गोल पिनेचाच. तिथला कारकून कुरकुरला की लाइन लगी है, पण बाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो उठला. मी कॉम्प्युटर बंद केला, त्याच्या माऊसची पिन काढली, आमची लावली, सुरू केला. तो सुरू व्हायला इतका वेळ लागला की मला वाटलं यातच सगळं संपणार. आई खुर्चीवर बसली. तिने उजव्या हाताचं वाकलेलं पेर पॅडवर टेकवलं. बाण हलला. खिडकीबाहेर रांगेत उभे असलेले लोक वाकून बघत होते.

बाई म्हणाली, "ठीक है, चलता है।" आई उठेल असं मला वाटलं. ती उठली नाही. तिने पासचा प्रोग्राम उघडला, पेराने एकेक चौकोनात टेकवत आणि उरलेल्या बोटांनी टाइप करत माझं नाव भरलं, पत्ता भरला. मग खाली, कोणाला भेटायचं आहे, तिथे स्वतःचं नाव घातलं आणि हुद्द्याच्या जागी स्टेनोग्राफर. आवक-जावक नाही. प्रिंट दिला, कागद बाहेर आला, तो तिने माझ्या हातात दिला. मग खुर्चीवरून न उठता ती म्हणाली, "सर, फाइलें आज से मेरी आईडी पर भेज दीजिए।"

भल्ला साहेब म्हणाले, "हाँ हाँ, बिल्कुल। हम तो आपके भले के लिए ही..." वाक्य पूर्ण करायला त्यांना कोणी मदत केली नाही. इन्स्पेक्टर बाईने रजिस्टरमध्ये डब्याची नोंद केली आणि जवानाला सांगितलं की मैडमचा डबा यापुढे अडवायचा नाही. लगेच सगळं झालं असं नाही. त्या कंत्राटी मुलीला दुसरीकडे बसवायला त्यांनी आठवडाभर लावला, आणि तो आठवडा आईने टपालाच्या टेबलावर न बसता तिच्या जुन्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून, डबा मांडीवर घेऊन काढला. ती रिटायर होईपर्यंत त्याच सेक्शनला राहिली. भल्ला साहेबांची बदली होईपर्यंत तिने त्यांच्या खोलीत पुन्हा चहा घेतला नाही. ते दर वेळी विचारायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या संध्याकाळचं. आजकाल मी कुठे ही हकीकत सांगितली की लोक म्हणतात, किती प्रेरणादायी. मला ते ऐकवत नाही. ज्या माणसाने बघितलं नाही त्याला प्रेरणा वाटते. मी त्या संध्याकाळी बसमध्ये आईशेजारी बसून बडबडत होते, बाण कसा हलला, बाईने कारकुनाला कसं उठवलं. आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं त्या गेटातून आत जातेय. आज सगळ्यांसमोर बोट हलवून दाखवावं लागलं मला." तिचे हात मांडीवर पडले होते आणि तिला ते झाकायचे होते, पण शाल धरायला बोटं वळत नव्हती. मी शाल ओढून दिली नाही. तिने कोपराने ती सरकवली, जेवढी सरकली तेवढी.

घरी पोचलो तर जिन्यापासूनच तुपात भाजलेल्या रव्याचा वास येत होता. मी दुपारी फोन करून सगळं सांगितलं होतं म्हणून बाबांनी शिरा केला होता, वर बदाम, काजू, हाताला लागेल ते. ते दारातच उभे होते. आईने चपला काढल्या, हात धुतले, पाटावर बसली. बाबांनी तिच्या ताटात सगळ्यात आधी शिराच वाढला.

"हा कशाबद्दल?" आईने विचारलं.

"अगं, जिंकलीस ना तू आज."

"काय जिंकले?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खुर्ची माझी होती. काम माझं होतं. ते घेऊन गेले, मी परत आणलं. घरातली वस्तू चोराकडून परत मिळाली तर कोणी पेढे वाटतं का?"

बाबा हातात चमचा घेऊन उभे राहिले. मला वाटलं ते आता म्हणतील, राहू दे, खा थोडा. ते म्हणाले नाहीत. त्यांनी वाकून तिच्या ताटातला शिरा परत पातेल्यात काढला.

"काय वाढू?"

"रोजचं," आई म्हणाली.

बाबांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पिठलं गरम करायला गॅस पेटवला.